आजीला थेरपीतून वगळू नका

मूल उशिरा बोलतंय म्हणून स्पीच थेरपी सुरू झाली की इथे अमेरिकेतल्या मराठी घरांना अजूनही एक सल्ला मिळतो: घरात फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल. हा सल्ला निमूटपणे ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

कॅनडातल्या एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या द्विभाषक मुलांचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध केला. दुसऱ्या भाषेपायी त्यांचं इंग्रजी मागे पडल्याचं दिसलं नाही. ऑटिझम असलेल्या मुलांबद्दलच्या नंतरच्या अभ्यासांचा सूरही तोच आहे.

उलट नुकसान होतं ते घरात. ऑफिसात सफाईने इंग्रजी बोलणारी आईसुद्धा रडणाऱ्या लेकराला मराठीतच समजावते. तिथे तिला अडवलं की तिचं बोलणंच कमी होतं. थेरपिस्ट आठवड्यातून तासभर भेटणार, बाकी सगळा वेळ मूल घरच्यांजवळ.

माझ्या मावसबहिणीने असा सल्ला ऐकून मुलाचे नवीन जालन्यातल्या आजीशी होणारे व्हिडिओ कॉल बंद केले होते. पुढे थेरपिस्ट बदलली. नवीन बाईंनी आधी विचारलं, हा कुणाजवळ जास्त रमतो? मग एक कॉल स्वतः बसून पाहिला. मावशी, म्हणजे त्याची आजी, मोसंबीची फोड कॅमेऱ्यासमोर धरून थांबली. नातू 'मो' म्हणेपर्यंत तिने ती तोंडात टाकली नाही. थेरपिस्ट पालकांना शिकवतात तेच हे: वस्तू दाखवायची आणि मुलाला बोलायला वेळ द्यायचा. त्या दिवसापासून आजीचा कॉल थेरपीचा भाग झाला, आणि बहीण थेरपिस्टला मनातलं सांगू लागली.

घर समजून घेण्याची हीच गरज तिकडेही आहे. भारतात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्यातून जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आली. जालन्याच्या केंद्रात अंबड-घनसावंगीकडून एसटीने मुलाला घेऊन येणाऱ्या बाईला नुसता व्यायामाचा कागद देऊन भागत नाही. घरी कोण कोण आहे, शेतातून यायला किती वाजतात, हे विचारणाऱ्याचंच ती ऐकेल.

अमेरिकेत तर कायदाही आपल्या बाजूने आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या १९८६ च्या तरतुदीत मदतीचा आराखडा सबंध कुटुंबाचा असतो. पालकांना लेखी सूचना त्यांच्या भाषेत मिळायला हवी, मुलाची तपासणीही शक्य तिथे त्याच्या भाषेत व्हायला हवी. दुभाषी मागायला संकोच कसला? आपल्या मराठी मंडळातल्या स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी आपली नावं कार्यकारिणीकडे द्यावीत. आराखड्याच्या पहिल्या बैठकीला घाबरलेल्या आईबापांसोबत त्यांच्यापैकी कुणीतरी बसावं, आणि आजीला फोनवर घ्यावं.