दरमहाचा आधार
मांडव्यापासून मुरूडपर्यंत सुट्टीचे बंगले वाढले आणि मालकांनी मागे सोडलेली कुत्री-मांजरंही किनाऱ्यावर दिसू लागली. पाळीव जनावराला असं वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६०च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. त्या मुक्या जिवांना सांभाळतात ते लोकांच्या देणग्यांवर चालणारे निवारे. ही परंपरा खाडीपलीकडच्या मुंबईतही जुनी आहे: १८३२ साली तिथे कुत्र्यांच्या कत्तलीविरुद्ध पारशी बांधव रस्त्यावर उतरले आणि १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाय यांच्या पुढाकाराने पांजरपोळाची, म्हणजे जनावरांच्या निवाऱ्याची, स्थापना झाली. खाणं, रेबीजची लस, नसबंदी, जखमेवरची मलमपट्टी, सांभाळणाऱ्यांचा पगार असा निवाऱ्याचा खर्च रोजचा असतो, म्हणून दरमहा ठरलेली छोटी रक्कमही त्याला मोठा आधार देते. किनाऱ्यावर घर घेणाऱ्यांनो, जवळच्या निवाऱ्याला दरमहा काही रक्कम नेमाने द्या.