पुस्तकी किंमत आणि खरे मोल

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या खातेदाराचे चिरंजीव घरी आले होते. सांगलीत त्यांचे यंत्रांच्या सुट्या भागांचे दुकान आहे आणि मागील बाजूस लहानसे वर्कशॉप. त्यांच्या वडिलांनी १९८४ साली कर्ज काढून एचएमटीचे मिलिंग मशीन बसविले, तेव्हा तारणाच्या तपासणीस मीच गेलो होतो. वडील आता हयात नाहीत. चिरंजीव म्हणाले, “काका, धाकटा भाऊ म्हणतो, हे धूड भंगाराच्या भावाने देऊन टाकू. मिस्त्रीही दिवाळीनंतर काम सोडणार. तुमचे मत काय?”

मी प्रथम हिशेबाचेच बोललो. लाख रुपयांच्या यंत्रावर आजच्या १५ टक्के दराने दरवर्षी घसारा धरीत गेल्यास ४० वर्षांनी वहीत जेमतेम १५० रुपये उरतात. पण घसारा ही हिशेबाची रीत आहे, यंत्राची नाडीपरीक्षा नव्हे. ओतीव लोखंडाचा भक्कम सांगाडा नीट राखला तर दोन पिढ्या सहज टिकतो. तेव्हा विकण्यापूर्वी यंत्राची माहिती मिळवा आणि मग निर्णय करा, असे मी सुचविले.

माहितीचा आरंभ यंत्रावरील धातूच्या पट्टीपासून करावा. तिच्यावरचे मॉडेल व क्रमांक कापडाने पुसून, छायाचित्र काढून ठेवावे, कारण सुटा भाग किंवा पुस्तिका मागताना पहिला प्रश्न त्याचाच येतो. एचएमटीची स्थापना १९५३ साली बंगळूरला झाली आणि पुढे हरियाणातील पिंजोर येथील कारखान्यातूनही मिलिंग मशीन बाहेर पडली. देशभर ही यंत्रे इतकी पसरली की त्यांची जुनी पुस्तिका एखाद्या आयटीआयच्या कपाटात किंवा निवृत्त कारागिराच्या पेटीत सापडण्याचा संभव असतो. दुसरे साधन आपल्याच पेढीत असते. खरेदीचे बिल, कर्जाची फाईल आणि यंत्राबरोबर आलेला अचूकतेचा तक्ता तेथे शोधावा. नवेपणी यंत्र किती अचूक होते हे त्या तक्त्यावरून कळते, आणि आजच्या मोजमापाशी तुलना करता येते.

तिसरे आणि सर्वांत नाशवंत साधन म्हणजे मिस्त्री. कोणता हँडल किती खेळतो, कोणत्या वेगाला गिअरचा आवाज बदलतो, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. म्हणून मी आग्रहाने सांगितले की, दिवाळीपूर्वी मिस्त्रींसमोर वही घेऊन बसा.

देखभालीचे नियम साधे आहेत, पण ते रोज पाळावे लागतात. काम संपल्यावर कीस ब्रशने काढावा. हवेचा झोत मारू नये, कारण त्याने बारीक कीस सरकपट्ट्यांच्या आत शिरतो आणि पॉलिशपेपरसारखा घासतो. सरकपट्ट्यांना त्यांच्यासाठीचे खास तेल द्यावे. गिअरबॉक्सच्या काचेतून तेलाची पातळी रोज पाहावी आणि ठरल्या वेळी तेल बदलावे. स्पिंडलचे शंकूच्या आकाराचे तोंड प्रत्येक वेळी पुसल्यावाचून आर्बर बसवू नये. तेथे अडकलेला एक कण कटरला वाकडा फिरवतो. टेबलावर हातोडी चालवू नये. कापताना जी दिशा वापरात नाही, ती आवळून ठेवावी. पावसाळ्यात उघड्या भागांवर तेलाचा पातळ हात फिरवावा. यंत्र दीर्घकाळ बंद राहिले असेल, तर तेल घातल्याशिवाय आणि मोटर योग्य दिशेने फिरते हे पाहिल्याशिवाय ते चालवू नये.

खंडेनवमीस यंत्राला हार घालणारे पुष्कळ असतात. वर्षभर तेलाची बरणी हाती घेणारे मात्र थोडे.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मिस्त्रींनी डायल गेज लावून तपासले. टेबलाचा खेळ वाढला होता, पण स्पिंडल सरळ चालत होता. खेळाचे कारण स्क्रूची झिजलेली पितळी नट निघाली, आणि तशी नट गावातच करून मिळाली. दोन्ही भाऊ दोन रविवार मिस्त्रींसमोर वही घेऊन बसले. धाकट्याने तर पहिला कट स्वतः घेतला. यंत्र सध्या तरी राहणार आहे.

प्रत्येक जुने यंत्र राखावेच, असे मी म्हणणार नाही. सरकपट्ट्या व स्पिंडल दोन्ही झिजले असतील, आणि दुरुस्तीचा खर्च यंत्र मिळवून देणाऱ्या कामाहून अधिक होत असेल, तर त्याला निरोप देणे हाच व्यवहार होय. पण तो निर्णय मोजमाप घेऊन व्हावा, जागेच्या घाईत नव्हे. आपण व्यापारी माणसे शिल्लक माल मोजल्याविना वर्षअखेर करीत नाही. तसेच हेही मोजावे, कारण भंगारात एकदा गेलेले यंत्र आणि घरी गेलेल्या मिस्त्रीची विद्या ही दोन्ही कोणत्याही दराने परत विकत मिळत नाहीत.