दुसरे वाचन

कथा लिहावी असे ज्याला मनापासून वाटते, त्याने सुरुवात कशी करावी, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : भरपूर वाचा. हे उत्तर चूक नाही. पण ते अपुरे आहे. पोहायला शिकू इच्छिणाऱ्याला 'पाण्यात उतर' एवढेच सांगून काठावरून निघून जावे, तसे ते आहे. वाचलेल्यातून नेमके काय घ्यायचे, हे जोवर उमगत नाही, तोवर शेकडो पुस्तके वाचूनही हातून एक पान लिहून होत नाही. माझ्या मते साहित्याच्या वाचनातून नवोदित लेखकाने विषय घ्यायचे नसतात आणि भाषाही उसनी घ्यायची नसते. आपण जे जगतो आणि आपण जसे बोलतो, ते लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, हा विश्वास त्याने वाचनातून मिळवायचा असतो.

या बाबतीत दोन टोकांची मते आढळतात. काहीजण म्हणतात, लेखक हा जन्मावा लागतो. वाचून कोणी लेखक होत नाही. दुसरे म्हणतात, फार वाचले की स्वतःचे असे काही उरत नाही, जो तो वाचलेलेच गिरवू लागतो. पण आपण इतर कलांकडे पाहिले, तर या दोन्ही मतांतील उणीव ध्यानात येते. गाणे शिकणारा विद्यार्थी वर्षानुवर्षे गुरूसमोर बसून ऐकत असतो. त्या ऐकण्याने त्याचा गळा हरवतो, असे कोणी म्हणत नाही. उलट, ऐकता ऐकता स्वर कुठे लावायचा आणि कुठे थांबायचे, हे त्याच्या अंगी मुरते. तो पुढे गातो ते मात्र आपल्याच गळ्याने. वाचन आणि लेखन यांचे नातेही असेच आहे.

प्रेमचंदांचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. आपल्या पहिल्या लेखनाची हकीकत त्यांनी 'मेरी पहली रचना' या लेखात सांगितली आहे. तेव्हा ते गोरखपूरला राहत होते आणि त्यांचे वय तेरा वर्षांच्या आसपास होते. उर्दू कादंबऱ्यांचे त्यांना वेडच होते; परंतु विकत घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. मग त्यांनी एका पुस्तकविक्रेत्याशी संधान बांधले. त्याच्याकडील इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके शाळेत विकून द्यायची आणि त्या बदल्यात कादंबऱ्या वाचायला घरी न्यायच्या. अशा रीतीने दोन-तीन वर्षांत त्यांनी शेकडो कादंबऱ्या वाचल्या. जादू, मायाजाल आणि अद्भुत पराक्रम यांनी भरलेले 'तिलिस्म-ए-होशरुबा'ही त्यांनी याच काळात वाचले.

एवढे अद्भुत वाचलेल्या मुलाने पहिल्यांदा लेखणी हाती घेतली, तेव्हा त्याने काय लिहिले? जादूगार नव्हे, राजकन्याही नव्हे. त्याने लिहिले ते आपल्याच घरात येणाऱ्या एका दूरच्या नात्यातील मामांविषयी. हे मामा एका दलित स्त्रीच्या प्रेमात पडले होते आणि तिच्या समाजातील लोकांनी त्यांना चोप दिला होता. त्या प्रसंगावर मुलाने खिल्ली उडवणारे एक नाटक लिहिले आणि शाळेला जाताना ते मामांच्या उशाशी ठेवले. शाळेतून परत येऊन पाहतो, तर मामाही नाहीत आणि नाटकही नाही. प्रेमचंदांचे पहिले लेखन असे कायमचे नाहीसे झाले.

ही हकीकत मजेदार खरी. पण तिच्यात एक मोठे सत्य दडलेले आहे. वाचनाने त्या मुलाला गोष्ट रचण्याची रीत शिकवली, मात्र गोष्टीचा ऐवज त्याला घरातच मिळाला. पुढे १९३६ साली प्रकाशित झालेल्या 'गोदान' या कादंबरीत प्रेमचंदांनी मातादीन हा ब्राह्मण तरुण आणि सिलिया ही दलित तरुणी यांची कहाणी रंगवली. तेथेही सिलियाचे आप्त मातादीनवर चालून येतात. प्रसंग जवळजवळ तोच आहे. पहिल्या लेखनाचा हेतू थट्टा करण्याचा होता. येथे मात्र सिलियाचे सोसणे आपल्या काळजाला भिडते आणि पाहता पाहता मातादीनही बदलत जातो. या दोन लेखनांमध्ये चार दशकांहून अधिक काळाचे जगणे आणि वाचणे आहे. विषय बदलला नाही, पाहणारी दृष्टी बदलली. चांगले साहित्य आपल्याला हे देते. ज्याला आपण हसत होतो, त्याच्या जागी उभे राहून पाहण्याची सवय ते आपल्याला लावते.

नवोदितांच्या लेखनात मला याच्या उलट चित्र नेहमी दिसते. कथेत चौसोपी वाडा असतो, अंगणात तुळशीवृंदावन असते, झोपाळ्यावर आजोबा बसलेले असतात. लिहिणारा मात्र तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत राहतो. त्याच्या जिन्यात पाण्यासाठी रांग लागते आणि शेजारच्या घरातील भांडण भिंतीतून ऐकू येते. ते काहीच कथेत येत नाही. का येत नाही? कारण आपले जगणे 'साहित्यात शोभण्यासारखे' नाही, असे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. वाड्याचे वर्णन ज्या लेखकाने केले, तो त्या वाड्यात वाढला होता; त्याने आपल्या समोरचे लिहिले. त्याच्याकडून घ्यायचे ते वाडा नव्हे, तर समोरचे लिहिण्याची वृत्ती.

ही वृत्ती पहिल्या वाचनात हाती लागत नाही. पहिल्या वाचनात आपण गोष्टीमागे धावतो, आणि तसे धावायलाच हवे. ज्याला लिहायचे आहे, त्याने आवडलेली कलाकृती दुसऱ्यांदा वाचावी. काय घडणार हे आता ठाऊक असते. त्यामुळे ते कसे घडवले आहे, याकडे लक्ष देता येते. व्यंकटेश माडगूळकर यांची १९५५ साली प्रकाशित झालेली 'बनगरवाडी' ही छोटेखानी कादंबरी घ्या. एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, माणसांशी जोडला जातो. वाडीत तालीम उभी राहते. मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस होते. कथानक एवढेच आहे.

दुसऱ्या वाचनात स्वतःला काही प्रश्न विचारावेत. ही गोष्ट कोण सांगतो आहे? बाहेरून आलेला शिक्षक सांगतो आहे. वाडीतील प्रत्येक गोष्ट त्याला नवी आहे, म्हणूनच ती त्याच्या नजरेत भरते आणि आपल्यालाही दिसते. जन्मापासून तेथे राहणाऱ्या धनगराने ती सांगितली असती, तर कदाचित निराळेच काही सांगितले असते. दुष्काळ केव्हा येतो? वाडीतील माणसे आपल्या ओळखीची झाल्यावर, सर्वांनी मिळून एक काम तडीस नेल्याचा आनंद आपण अनुभवल्यावर येतो. तो आरंभीच आला असता, तर आपल्याला कळला असता. पण लागला नसता. आणि लेखकाने काय सांगितलेले नाही? गरिबीवर त्याने व्याख्यान दिलेले नाही. तो दाखवतो आणि थांबतो. असे तीन-चार प्रश्न घेऊन एक पुस्तक वाचले, तर पन्नास पुस्तकांच्या घाईच्या वाचनाहून अधिक शिकायला मिळते.

आता भाषेचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मनात एक संकोच असतो. इंदूरच्या मराठीत हिंदी मिसळते, बडोद्याच्या मराठीत गुजराती, तर धारवाड-बेळगावकडील मराठीत कन्नड. मग 'आमची मराठी शुद्ध नाही, आम्ही काय लिहिणार?' असे त्यांना वाटते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाण भाषेचे भान हवेच. त्याबद्दल दुमत नाही. कथेचा न्याय मात्र वेगळा आहे. प्रकाश नारायण संत यांचा लंपन आठवा. त्याच्या बोलण्यातील कन्नड वळणाची सीमाभागातील मराठी हाच त्या कथांचा प्राण आहे. तीच गोष्ट प्रमाण भाषेत सांगितली असती, तर लंपन लंपन राहिला नसता. संत हे व्यवसायाने भूगर्भशास्त्राचे अध्यापक होते आणि त्यांचा 'वनवास' हा पहिला कथासंग्रह त्यांच्या वयाची पन्नाशी उलटल्यानंतर प्रकाशित झाला. उशीर झाला म्हणून हळहळणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.

शिक्षण अपुरे राहिले, ही खंत बाळगणाऱ्यांसमोर अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण आहे. १९२० साली वाटेगाव येथे जन्मलेल्या या लेखकाने शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडला. मुंबईत त्यांनी गिरणीत काम केले, शाहिरी केली आणि पुढे 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. त्यांचे शिक्षण शाळेबाहेर झाले, पण झालेच नाही असे नव्हे. वाचन, चळवळ आणि माणसे यांतून ते झाले. दुसऱ्या बाजूला जी. ए. कुलकर्णी पाहा. ते धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत. मराठी कथेला त्यांनी नवी खोली दिली आणि त्याचबरोबर कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन लेखकाच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. अनुवाद करणे म्हणजे दुसऱ्याचे एकेक वाक्य उलगडून पाहणे होय. याहून सावकाश वाचन दुसरे नसेल. एक अल्पशिक्षित, दुसरा प्राध्यापक; दोघांचे विश्व भिन्न आणि भाषाही भिन्न. तरीही दोघांनी आपल्याच गळ्याने गायिले.

याचा अर्थ पहिल्याच प्रयत्नात आपला स्वर सापडेल, असा नव्हे. सुरुवातीचे लेखन बहुधा आवडत्या लेखकासारखे होते. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. मूल चालताना आधी बोट धरतेच. मात्र बोट सोडण्याचा सराव जाणीवपूर्वक करावा लागतो. त्यासाठी एक साधा उपाय आहे. आवडलेल्या कथेतील एक परिच्छेद मोठ्याने वाचावा, पुस्तक मिटावे आणि अशाच एखाद्या क्षणी आपल्या घरात, आपल्या गल्लीत काय घडते ते एका पानात लिहावे. दुसऱ्या दिवशी ते पान परक्याचे म्हणून वाचावे. जो शब्द आपण एरवी कधीच बोलत नाही, तो तेथे का आला, हे स्वतःला विचारावे. बहुतेक वेळा उत्तर मिळते : तो कोठल्या तरी पुस्तकातून चालत आलेला असतो. तो खोडावा. असे खोडत आणि पुन्हा लिहीत गेल्यावर जे उरते, ते आपले असते.

मुक्त विद्यालयाचा विद्यार्थी अनेकदा दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडतो. कोणी दुकान सांभाळते, कोणी घर, कोणी कारखान्यात पाळी करून येते. लेखनासाठी निवांतपणा नाही, ही त्याची तक्रार रास्त आहे. पण त्याच्यापाशी जो ऐवज आहे, तो अनेक निवांत माणसांपाशी नसतो. दुकानात उधारी मागायला आलेल्या माणसाची खाली गेलेली नजर त्याने पाहिलेली आहे. पुस्तके त्याला ती नजर देणार नाहीत. ती नजर शब्दांत कशी धरायची, कुठे सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे, हे मात्र पुस्तकेच शिकवतील.

म्हणून वाचावे. पहिल्यांदा आनंदासाठी वाचावे, दुसऱ्यांदा शिकण्यासाठी वाचावे. मग पुस्तक मिटून दाराबाहेर पाहावे. आपली पहिली कथा बहुधा तेथेच उभी असते.