पोर्टलात अडकलेले गुरुजी

वर्गात संगणक का वापरला जात नाही, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर आहे: शिक्षकांची मानसिकता. आढावा बैठकीत साहेब ते ऐकवतात, एम.एड.च्या प्रबंधांत ते प्रश्नावलीसह सापडते, आणि पारावरही कोणीतरी म्हणतोच की गुरुजींना नवे काही नको असते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांकडे नीट पाहिले तर हे निदान टिकत नाही.

सातारा तालुक्यातले कुमठे बीट आठवावे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तिथल्या जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादाकडे वळल्या. फरशीवर रंगवलेले तक्ते, काड्यांचे गठ्ठे, खडे, मण्यांच्या माळा आणि त्यांभोवती घोळक्याने बसून आपापले गणित सोडवणारी मुले. ते पाहायला राज्याच्या कानाकोपऱ्यातून शिक्षकांची रीघ लागली आणि परतल्यावर त्यांनी आपल्या शाळांच्या फरश्या रंगवल्या. यात सरकारी प्रोत्साहनाचा वाटा होता. पण हातात ब्रश घेऊन फरशीवर बसायला नुसते प्रोत्साहन पुरत नाही. आपल्यासारख्याच शाळेत, आपल्यासारख्याच गावातले मूल वाचू लागलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नव्याला विटलेली जमात असे करत नाही.

मग संगणकाचेच घोडे कुठे अडले? तो शिक्षकाच्या आयुष्यात कसा आला, ते पाहा. राज्यात 2001 मध्ये एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे शिक्षकांना संगणक अर्हता सक्तीची झाली. 2007 अखेरची मुदत हुकली त्यांच्या वेतनवाढी अडल्या, कित्येकांवर वसुली निघाली. एका अख्ख्या पिढीची संगणकाशी पहिली ओळख झाली ती पगारपत्रकातून. त्याच काळात केंद्राच्या 2004 च्या आयसीटी योजनेतून माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभे राहिले. यंत्रे ठेकेदाराची, शिकवणारा निदेशक कंत्राटी. पाच वर्षांचा करार संपला की निदेशक घरी आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. बिघाडाचा जाब आपल्यालाच विचारला जाणार, हे ठाऊक असलेला माणूस कुलूप कशाला उघडेल?

2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम आला. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही घेतले गेले. गावांनी हौसेने पैसे दिले, हे मुद्दाम नोंदवायला हवे. पण त्याच वर्षी शाळा-विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायचे ‘सरल’ पोर्टलही आले, आणि आजवर गुरुजींचा खरा वेळ खाल्ला तो त्याने आणि त्याच्या भावंडांनी. यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार पडताळणी, आता अपार क्रमांक. पाटणच्या डोंगरातली पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. एक शिक्षक बैठकीला गेलेला. दुसऱ्यापुढे चार इयत्ता, आणि खिशातल्या मोबाईलवर ‘अत्यंत तातडीचे, आजच्या आज भरा’. खिचडी किती मुलांनी खाल्ली, हा आकडा चढवायला तो रेंजसाठी आवाराच्या टोकाला जाऊन उभा राहतो, तेवढ्यात आत दुसरीतले भांडण तिसरीपर्यंत पोहोचलेले असते. आधारवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली नाही तर मूल पटावर असूनही शाळेची शिक्षकसंख्या ठरवणाऱ्या संचमान्यतेत धरले जाईल की नाही, याचा घोर वेगळाच. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आलेली मुले वर्गात बसतात तेव्हा तर विचारूच नये.

माणूस यंत्र स्वीकारतो ते दोन गोष्टी पाहून, असे अमेरिकेतील संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडले: ते उपयोगी वाटते का आणि हाताळायला सोपे वाटते का. आपल्या शिक्षकाला ते उपयोगी वाटतेच. फक्त तो उपयोग मंत्रालयाला होतो, चौथीच्या वर्गाला नाही.

जिथे तो वर्गाला झाला, तिथे शिक्षकांनी स्वतःहून पुढाकार घेतला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. टाळेबंदीत माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकाने ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता, तिथल्या मुलांना साध्या फोनवरच्या कॉन्फरन्स कॉलमध्ये एकत्र आणले. हे कोणत्याही पोर्टलने सुचवले नव्हते.

आणि कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगा? 2022 पासून तिथे संध्याकाळी सात वाजता तो वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद होतात, मुले पुस्तके उघडतात. ऑनलाइन वर्गांनंतर मुलांचे चित्त थाऱ्यावर राहत नाही, ही तक्रार शिक्षकांचीच होती. याला कोणी यंत्रद्वेष म्हणणार असेल तर त्याने युनेस्कोचा 2023 चा शिक्षण अहवाल वाचावा. तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर वापरायचे, हाच त्याचा मथळ्यातला प्रश्न आहे. पाऊण तास मुलांसमोर बसणाऱ्या माणसाला पडद्याचे गुण-दोष कळतात. त्याच्या शंकेला ‘नकारात्मक दृष्टिकोन’ या रकान्यात ढकलणे सोपे, पण चूक आहे.

शिक्षक सगळेच धुतल्या तांदळासारखे नाहीत. टीव्हीवर बालगीतांचा व्हिडिओ लावून बाजूला आपले काम उरकणारेही आहेत, आणि त्यांना डिजिटल शाळेचे प्रशस्तिपत्र मिळालेले आहे. वापर मोजायचा तर पडदा किती तास चालू राहिला, याला काही अर्थ नाही.

करायचे काय, हे कुमठ्याने दाखवलेच आहे. प्रशिक्षण तालुक्याच्या सभागृहात शंभर जणांना स्लाइड दाखवून होत नाही. चांगला वापर करणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात शेजारच्या शाळेतल्या दोघांना दिवसभर बसवावे. माहिती भरण्याचे काम शिक्षकांकडून काढून केंद्रशाळेत नेमलेल्या सहायकाकडे द्यावे. आणि यंत्रांच्या खरेदीइतकीच त्यांच्या पोटाची, म्हणजे विजेची, सोय बघावी. वर्गणीतून घेतलेला टीव्ही शाळेला मिळतो, विजेचे बिल मात्र मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडते. सातारा-सांगलीच्या दोन्ही जिल्हा परिषदांची अंदाजपत्रके मार्चमध्ये मांडली जातात. नव्या टॅबच्या खरेदीआधी त्यांत तीन खर्च दिसावेत: सहायकाचा पगार, दुरुस्ती आणि वीजबिल.