पट, हजेरी आणि निकाल

दहावीचा निकाल जाहीर झाला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील शाळांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. उत्तीर्णांची टक्केवारी मोठ्या अक्षरांत आणि पहिल्या आलेल्या मुलामुलींची छायाचित्रे तिच्या खाली, अशी त्यांची मांडणी ठरून गेली आहे. या मुलांचे कौतुक व्हावयासच हवे. परंतु आठवीच्या पटावर किती मुले होती, त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेस बसली आणि वर्षभर किती बाके रिकामी राहिली, हे कोणताही फलक सांगत नाही. ज्या आकड्यावरून पालक शाळेची पारख करतात, तो आकडा जे टिकले त्यांचा असतो. जे मध्येच गळाले, त्यांचा हिशेब त्यात नसतो.

हा आकडा तरी कितपत विश्वसनीय आहे? राज्यात दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण बंद करण्यात आले, तेव्हा तो ७७.१० टक्क्यांवर उतरला. ते गुण पुन्हा देण्यात आले आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. एका वर्षात राज्यातील मुले मंदबुद्धी झाली आणि दुसऱ्या वर्षी कुशाग्र झाली, असे कोणी म्हणणार नाही. बदलले ते माप. याहूनही बोलके उदाहरण २०२१ चे आहे. महामारीमुळे वर्ग बहुतांश बंद होते, परीक्षाही रद्द झाली आणि निकाल मात्र ९९.९५ टक्के लागला. निकालाची टक्केवारी हीच शाळेच्या गुणवत्तेची कसोटी मानावयाची, तर शाळा बंद असतानाच ती सर्वोत्तम चालते, असा निष्कर्ष निघेल.

म्हणून निकालाकडून मागे येऊन हजेरीकडे पाहावे लागते. मूल रोज वर्गात येते काय, ही शाळेची पहिली कसोटी. ती शासनाला ठाऊक नाही असे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणीची मोहीम झाली. पटावर नावे होती आणि मुले नव्हती, असे प्रकार तीत उघडकीस आले. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावण्यात आली होती. पुढे जून २०१८ मध्ये मुंबई विभागासह पाच विभागांतील कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची हजेरी बोटांच्या ठशांवर घेण्याचा आदेश निघाला. दोन्ही वेळी शासनाने मुलाचे बोट धरले ते त्याला चालवण्यासाठी नव्हे, मोजण्यासाठी. मोजणी आवश्यक असते, हे मान्य. परंतु मूल का आले नाही हे यंत्र सांगू शकत नाही आणि ते विचारण्याची व्यवस्था मात्र कोणी उभी केली नाही.

वस्तुतः सारे गैरहजर विद्यार्थी एका जातीचे नसतात. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेचा विद्यार्थी वर्गात दिसत नाही, तो बहुधा हिशेब करून. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशासाठी प्रवेशपरीक्षेतील गुण निर्णायक ठरतात. बारावीचे गुण पात्रतेपुरते पुरले की झाले. मग ज्या शिकवणीवर्गासाठी वडिलांनी कर्ज काढले तेथे दिवस घालवावयाचा आणि कनिष्ठ महाविद्यालय केवळ नावनोंदणीसाठी ठेवावयाचे, हा व्यवहार त्याला सोयीचा वाटतो. काही संस्थांनी या व्यवहाराशी उघड संधान बांधले, म्हणूनच २०१८ चा आदेश काढावा लागला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने १६ वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गांनी प्रवेश देऊ नये आणि शाळेच्या वेळेत वर्ग घेऊ नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती योग्यच आहेत. तथापि प्रवेशाचे गणित तेच राहिले, तर तत्त्वे कागदावर राहतील आणि बाके रिकामी राहतील.

याहून गंभीर गैरहजेरी नववीची आहे, आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. शिक्षण हक्काचा कायदा आठवीपर्यंत मुलाचा हात धरतो. शाळेतील दुपारचे जेवणही आठवीपर्यंतच मिळते. नववीच्या पहिल्या दिवशी हे आधार एकदमच सुटतात, नेमके अशा वयात की जेव्हा मुलाचे हात कमाईस येऊ लागतात आणि मुलीवर घरची कामे व धाकटी भावंडे पडू लागतात. त्यातच आठवीपर्यंत कच्चे राहिलेले गणित व इंग्रजी आता उघडे पडते. वर्गात काही कळत नाही म्हणून मूल चुकवते आणि चुकवते म्हणून आणखी कळत नाही. अशा वेळी शाळेने त्याला जवळ करावयाचे, की दहावीचा निकाल बिघडू नये म्हणून ‘१७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बस’ असा सल्ला द्यावयाचा? हा अर्ज शिक्षण तुटलेल्यांना परत येता यावे म्हणून आहे. त्याचा उपयोग मुलांना बाहेर काढण्यासाठी होतो, अशी तक्रार पालकांकडून वारंवार ऐकू येते. तसे होत असेल, तर शंभर टक्क्यांच्या त्या फलकाची किंमत कोणी मोजली हे वेगळे सांगावयास नको.

तिसरे कारण या शहरांच्या जीवनक्रमातच आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतील अनेक कामगार कुटुंबे कल्याण-डोंबिवलीकडे सरकली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कित्येक कारखाने बंद पडले आणि मोहने येथील एनआरसी कंपनीला २००९ मध्ये टाळे लागले. पगारदार बापाची जागा रोजंदारीने घेतली आणि आईही कामाला बाहेर पडली. चाकरमान्यांच्या घरीही चित्र फारसे निराळे नाही. सकाळची लोकल गाठावयास निघालेले आईवडील दिवेलागणीनंतर परततात आणि दिवसभर घराची किल्ली मुलाच्या खिशात असते. दुपारच्या अधिवेशनातील मुलगा शाळेत गेला की वाटेतूनच कोठे वळला, हे घरी कोणास कळत नाही. शाळेने दूरध्वनी केला, तर तो घेणारी व्यक्ती त्या वेळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान दारात लोंबकळत असते. पालकांची बेपर्वाई असा शिक्का मारून हा प्रश्न सुटणार नाही.

मग उपाय काय? तो बाहेरून आणावयाची गरज नाही. ठाणे जिल्ह्याने तो पूर्वीच दाखवून दिला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम उभारले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात असली, तरी तेव्हा ती ठाण्यातच होती. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे ध्यानात येताच या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे नाव त्यातूनच आले. १९९० च्या दशकात याच जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराचे खोपटे. आणि २०१६ मध्ये ठाण्याच्या तीन हात नाक्यावरील उड्डाणपुलाखाली समर्थ भारत व्यासपीठाने महापालिकेच्या सहकार्याने सिग्नल शाळा सुरू केली. गाड्यांच्या काचांवर टकटक करून फुले-खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी मोठ्या कंटेनरमध्ये वर्ग भरले आणि आंघोळ, गणवेश व जेवण यांची सोयही तेथेच झाली. २०१८ मध्ये तेथील दोन विद्यार्थी दहावी उत्तीर्ण झाले. म्हणजे ज्या वर्षी यंत्रावर बोट ठेवण्याचा आदेश निघाला, त्याच वर्षी पुलाखालच्या मुलांनी हजेरी म्हणजे काय ते दाखवून दिले.

यावर असा आक्षेप येईल, की ही विशेष परिस्थितीतील थोड्या मुलांची उदाहरणे आहेत. साठ-साठ मुलांचे वर्ग आणि दोन अधिवेशने चालवणाऱ्या शहरी माध्यमिक शाळेला ते कसे जमावे? शिवाय शिक्षकांच्या मागे निवडणूक, मतदार याद्या आणि माहिती भरण्याची कामे असतातच. हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकाला वर्गाबाहेर गुंतवून ठेवावयाचे आणि वर्गातील मुलांच्या गैरहजेरीचा जाब त्यालाच विचारावयाचा, हा अन्याय होय. परंतु कुरणशाळेतून घ्यावयाचे आहे ते कुरण नव्हे. मूल येत नसेल तर त्याचे कारण प्रथम शाळेने शोधावे, ही तिची रीत घ्यावयाची आहे.

त्याची सुरुवात प्रत्येक वर्गात असलेल्या हजेरीपत्रकापासून होऊ शकते. महिनाअखेर शिक्षक सरासरी हजेरी काढतात. साठांच्या वर्गात ती ९० टक्के आली की सारे समाधानी होतात. पण रोज गैरहजर राहणारी ती सहा मुले आलटून पालटून वेगळी आहेत, की तीच सहा आहेत? पहिल्या प्रकारात चिंतेचे कारण फारसे नाही, दुसऱ्या प्रकारात सहा मुले शाळेच्या हातून निसटत आहेत. सरासरी दोन्हीकडे तीच दिसते. परीक्षेस बसण्यासाठी लागणाऱ्या ७५ टक्के हजेरीचेही तसेच. शाळेचे २२० दिवस धरले, तर ५५ दिवस न आलेला विद्यार्थी नियमाच्या दृष्टीने निर्दोष ठरतो. आठवड्याचे सहा दिवस धरता हे नऊ आठवड्यांहून अधिक होतात. तेव्हा सरासरीऐवजी नावे वाचावीत. महिन्यात तीन-चार दिवस चुकवणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद मुख्याध्यापकांपुढे यावी आणि सलग तिसऱ्या दिवशी कोणी तरी त्याच्या घरी जावे. पालकसभा कार्यालयीन वेळेत न ठेवता रविवारी सकाळी ठेवावी. नववीच्या आरंभी पहिले काही आठवडे मागील इयत्तांची उजळणी व्हावी, आणि ती शिक्षा म्हणून नव्हे, नेहमीच्या वेळापत्रकात.

शासनाचा वाटा याहून मोठा आहे. १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता ठेवण्यात आला. हेतू चांगला होता, परंतु काळ पुढे गेला आणि रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. हजेरीला शासन काय किंमत देते, हे त्या रुपयावरून दिसते. दुपारचे जेवण दहावीपर्यंत नेणे, शिक्षकांची रिक्त पदे वेळेवर भरणे आणि शाळाबाह्य कामांचा बोजा उतरवणे, या गोष्टी एखाद्या यंत्राच्या खरेदीइतक्या झटपट होणाऱ्या नाहीत. पण हजेरी वाढली तर ती यांनीच वाढेल. निकालासोबत प्रत्येक शाळेने आठवीतील पट आणि दहावीस बसलेल्यांची संख्या जाहीर करावी, एवढा एक आदेश जरी निघाला, तरी मुलांना बाहेर ढकलून मिळवलेल्या यशाचे तेज उतरेल.

येत्या वर्षी फाटकावर फलक लावताना शाळांनी हा आणखी एक आकडा लिहून पाहावा. तो कदाचित शंभर नसेल. परंतु त्यात पटावरचे प्रत्येक मूल मोजलेले असेल, आणि पालकांना आपल्या पाल्यासाठी शाळा निवडताना तोच अधिक उपयोगी पडेल.