पासिंगला नापास झालेली रिक्षा



मागे एका रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराबाहेर आलो, तर आमच्या वस्तीतील एक रिक्षाचालक बंधू पायरीवर डोक्याला हात लावून बसलेले. बाजूला त्यांच्या पत्नी उभ्या. आम्ही विचारले, "काय झाले भाऊ?"

"दादा, पासिंगला गाडी नापास केली."

"कशात नापास केली?"

"ते नाही माहीत. एजंट म्हणतो, पाच हजार दे, काहीच करावे लागणार नाही, उद्या पास करून आणतो."

वहिनी म्हणाल्या, "चार दिवस गाडी दारात उभी आहे दादा. पोरीच्या परीक्षेची फी भरायची, तेच पैसे याला देतात की काय, या काळजीत आहे मी."

आम्ही एवढेच विचारले, "नापास केल्याचा कागद कुठे आहे?" भाऊ आमच्याकडे पाहतच राहिले. कागद त्यांनी मागितलाच नव्हता. साहेबाने मान हलवली, एजंटाने बाजूला घेतले आणि भाऊ घरी आले.

आम्ही कारकुनी करतो. कागदावाचून केलेले बोलणे वाऱ्यावर जाते, हे रोजच पाहतो. म्हणून येथे कायदा काय म्हणतो ते सांगतो. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 56 प्रमाणे रिक्षा, टॅक्सी, टेम्पो अशा वाहनांना योग्यता प्रमाणपत्र लागते. त्याशिवाय गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. गाडी आठ वर्षांपर्यंतची असेल तर दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दरवर्षी ते नवे करावे लागते. परंतु याच कलमात आणखी एक गोष्ट लिहिली आहे व तीच आपल्याला कोणी सांगत नाही. प्रमाणपत्र नाकारले तर त्याची कारणे मालकाला लेखी दिली पाहिजेत. ती मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. कारण पटले नाही तर कलम 57 प्रमाणे 30 दिवसांत अपीलही करता येते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आम्ही भाऊंबरोबर गेलो. आवाज न चढवता कारणे लेखी मागितली. थोडी टाळाटाळ झाली, पण कागद मिळाला. त्यावर पाचच गोष्टी होत्या: मागचा ब्रेक लाइट लागत नाही, उजवा इंडिकेटर बंद, हँडब्रेक सैल, वायपरचे रबर फाटलेले, मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी निघालेली. भाऊ म्हणाले, "एवढेच? मला वाटले इंजिनच गेले."

संध्याकाळी ओळखीच्या गॅरेजात गाडी नेली. इंडिकेटरचा बल्ब जळला होता, तो बदलला. (एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर लुकलुकू लागला, तर त्या बाजूचा बल्ब गेला असे बहुधा समजावे.) ब्रेक लाइटचा बल्ब मात्र चांगला निघाला. होल्डरमध्ये गंज होता, तो पॉलिश पेपरने घासला, तरी दिवा लागेना. शेवटी वायरमनने ब्रेकच्या स्विचची सुटलेली वायर शोधून काढली. हँडब्रेकची केबल आवळली, रबर बदलले, पट्टी चिकटवली. सगळा खर्च एजंटाने मागितलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्श्याइतकाही झाला नाही. फेरतपासणीत गाडी पास झाली.

पैसे वाचले हे खरेच, परंतु आमच्या मनात दुसरीच गोष्ट राहिली आहे. हे भाऊ रोज सकाळी वस्तीतील मुलांना शाळेत सोडतात. ब्रेक लाइट कधीपासून बंद होता, हे त्यांनाही सांगता येईना. चालवणाऱ्याला तो दिसतच नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र तो सांगतो, की पुढची गाडी थांबते आहे. एजंटाला पाच हजार दिले असते तर कागद पास झाला असता. गाडी नापासच राहिली असती, आणि आपलीच लेकरे तिच्यात बसली असती.

म्हणून आमची विनंती आहे, तारखेच्या आठ दिवस आधी घरच्या सर्वांनी मिळून गाडी पाहावी. एकाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे उभे राहून दिवा पाहावा. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर तपासावे. पुढे पांढरी व मागे लाल पट्टी आहे ना, ते पाहावे. टायरच्या खाचा तीनचाकीला निदान 0.8 मि.मी. खोल हव्यात. विमा, परमिट, पीयूसी, मीटरची तपासणी आणि दर तीन वर्षांनी होणारी सीएनजी टाकीची तपासणी यांचे कागद एका पिशवीत ठेवावेत. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असली तरी नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, हेही ध्यानात असू द्यावे. बल्ब, पट्टी, रबर घरी बदलता येते. ब्रेक, स्टिअरिंग आणि सीएनजी यांना मात्र कारागिराचाच हात लागू द्यावा.

आणखी एक, रागावू नका. बाबासाहेबांचे चित्र मागच्या दिव्यावर किंवा नंबरवर चिकटवू नये. ते काचेच्या आत, चालवणाऱ्याच्या नजरेला अडणार नाही असे लावावे.

प्रमाणपत्र नसताना प्रवासीही घेऊ नयेत. अपघात झालाच तर विमा कंपनीशी भांडता भांडता घर बसते.

आपण दर रविवारी पंचशील ग्रहण करतो. पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. बंद ब्रेक लाइट तसाच ठेवून मुले नेणे हे त्या शीलात बसते का, याचा विचार प्रत्येकाने करावा. तथागतांनी अप्रमाद शिकवला, म्हणजे गाफील न राहणे. सम्यक आजीविका म्हणजे नुसते कष्टाचे पैसे नव्हेत, आपल्या धंद्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ न देणे हेही त्यात आले.

त्या भाऊंनी आता तो पाच ओळींचा कागद घरात खिळ्याला अडकवला आहे. वहिनी रोज सकाळी गाडीमागे उभ्या राहतात आणि ओरडतात, "दाबा ब्रेक!" दिवा लागला की मगच गाडी निघते. पोरीची फीही वेळेत भरली गेली.

जयभीम! नमो बुद्धाय!