जुनी मोटार आणि सुशिक्षितांचे हात

आमच्या सुशिक्षित वर्गात एक मत फार प्रतिष्ठा पावले आहे. ते असे की, यंत्र बिघडले तर मिस्तऱ्याकडे द्यावे आणि फारच जुने झाले तर भंगारात घालावे. पण पदवीधराने बाह्या सरसावून स्वतः त्याला हात लावणे हा वेळेचा अपव्यय तरी होय किंवा पोरखेळ तरी! येथे उमरखेडास घरच्या अंगणात एक जुनी प्रीमियर पद्मिनी सुटी करून पुन्हा जुळविण्याचा उद्योग आम्ही व आमचे दोन विद्यार्थी वर्षभर करीत असल्यामुळे हे मत आम्हांला अनेकांच्या तोंडून ऐकावे लागले आहे. छंदाला समर्थन लागत नाही. पण या मताच्या मुळाशी असलेली वृत्ती आमच्याच मुलखात एका तरुणाच्या जिवावर बेतली आहे, असे आमचे स्पष्ट मत असल्यामुळे हा लेखनप्रपंच.

पहिला आक्षेप असा की, या कामात बुद्धीला वाव नाही. असे म्हणणाऱ्यांनी इंजिनाचे झाकण एकदाच बसवून पाहावे. त्याचे बोल्ट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आवळीत गेले तर चालत नाही. मध्यापासून बाहेरच्या अंगाला, समोरासमोरचे, दोन-तीन खेपांत थोडे थोडे आवळावे लागतात. नाही तर झाकण वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात उतरते. चार सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा ठरलेला आहे. दोन तारांची अदलाबदल झाली की १०८९ घन सेंटिमीटरचे ते इंजिन फटाके उडविते, पण चालत नाही. कारण आणि कार्य यांचा संबंध इतक्या निष्ठुरपणे शिकविणारा दुसरा ग्रंथ आम्हांस ठाऊक नाही. परीक्षकाला अलंकारिक भाषेने भुलविता येते. कार्ब्युरेटरला येत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. जुन्या गाडीवर खर्च करण्यापेक्षा नवी घ्यावी, आणि सरकारचेही धोरण तसेच आहे, असे सांगण्यात येते. सरकारी धोरणाचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर तिचे नूतनीकरण होते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. उलट पन्नास वर्षांपुढील, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली स्वतंत्र नोंदणीची सोय झाली. म्हणजे संग्राहकाच्या बंगल्यातील गाडी हा वारसा, आणि शिक्षकाच्या अंगणातील गाडी हे भंगार! ज्या गाडीचे ब्रेक लागत नाहीत किंवा जी गावभर धूर ओकते ती रस्त्यावर येऊ नये, हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. तसेच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणीपत्राशी न जुळणारे फेरफार करण्यास मनाई करते, तेही योग्यच आहे. पण फेरफार निराळा आणि पुनर्जुळणी निराळी. जे होते ते पुन्हा होते तसे करणे, यासारखी कायद्याची दुसरी शिस्त कोणती? शिवाय वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीची ही गाडी. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचे पर्व ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले, तेव्हा हळहळणारे लेख पुष्कळ निघाले. हळहळण्यापेक्षा एक गाडी उघडून तिचे अंतरंग मुलांना दाखविणे हे अधिक खरे स्मारक होय.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे व त्याला उत्तर देताना लेखणी जड होते. शेजारच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीचा शेख इस्माईल हा वेल्डिंगचे काम करणारा तरुण. शिक्षण आठवीपर्यंत. त्याने मारुती ८०० चे इंजिन घेऊन एकट्यापुरते हेलिकॉप्टर बांधले. १५ ऑगस्ट २०२१ ला ते लोकांना दाखवावयाचे, अशी त्याची उमेद होती. त्याच्या काही दिवस आधीच चाचणीच्या वेळी पाते तुटून त्याला लागले व तो गेला. तेव्हापासून मुलाने हातात पाना घेतला की आईबाप म्हणतात, “फुलसावंगी आठव!”

आम्हीही फुलसावंगीच आठवा असे म्हणतो; पण तिचा धडा निराळा आहे. फिरणाऱ्या पात्याचा वेग दुप्पट झाला की त्याला बाहेर ओढणारा जोर चौपट होतो, हे पदार्थविज्ञानाचे शिक्षक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आहेत. ते सूत्र ज्याला हवे होते त्याला ते कोणी दिले नाही. ज्यांना दिले त्यांनी ते परीक्षेत उतरवून सोडून दिले. इस्माईलचा घात धाडसाने केला त्याहून अधिक एकटेपणाने केला. विद्या एका घरी आणि हात दुसऱ्या घरी, ही आमची जुनी व्यवस्था. तिचा तो बळी होय.

या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे दिसली. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगाराच्या सुट्या भागांतून, पायाने किक मारून सुरू होणारी चारचाकी सुमारे साठ हजार रुपयांत तयार केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी त्यांची प्रशंसा केली आणि पुढच्याच महिन्यात त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. हे औदार्य खरेच. पण कौतुक म्हणजे शिक्षण नव्हे. एक मेला तर आपण हळहळतो, एक जगला तर टाळ्या वाजवितो. दोन्ही वेळा आपले हात मात्र स्वच्छच राहतात.

उपाय कोणास माहीत नाही असे नाही. वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षणाचा पुरस्कार केला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढून, प्रत्यक्ष काम करीत शिकण्याचा मार्ग खेड्यातील मुलांसाठी खुला केला. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावीपासून व्यवसायांची ओळख करून देण्याची भाषा आहे. उणीव आहे ती तालुक्याच्या गावी एका उघड्या दाराची. प्रत्येक महाविद्यालयाने एक जुनी मोटार घ्यावी, रविवारी छपरी उघडावी, एक जाणता मिस्तरी व एक पदार्थविज्ञानाचा अध्यापक तेथे शेजारी शेजारी उभा करावा, आणि दाखला न विचारता येईल त्या मुलाला आत घ्यावे. मिस्तऱ्याला मानधन अध्यापकाच्या बरोबरीने द्यावे. कारण गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरू नये, हे तोच आधी सांगेल, आणि ते का, हे अध्यापकाने सांगावे.

यास फार मोठा निधी लागत नाही. लागते ती एवढीच तयारी, की अंगरख्याला तेलाचा डाग पडला म्हणून आपली पदवी बाटत नाही, हे सुशिक्षितांनी एकदा मनापासून मान्य करावे. तसे ते करीत नाहीत तोवर मुलांच्या धाडसाला नावे ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही.